वूहानमध्ये पुरीभाजी

मराठी माणूस परदेशी जातो तेव्हा बरोबर सगळं नेतो. गुडघ्याचे पट्टे नेतो, ब्लडप्रेशरच्या गोळ्या नेतो, माकडटोपी नेतो, नायलॉनची दोरी नेतो (ती कशासाठी, हे अजून कुणाला कळलेलं नाही, पण नेतो). जीभ मात्र तो बॅगेच्या तळाशी थेपल्यांच्या डब्यात घालतो, वर कुलूप लावतो आणि पंधरा दिवसांनी जशीच्या तशी परत आणतो. तिच्यावर परदेशाचा एक शिंतोडा उडालेला नसतो. विमानतळावर घ्यायला आलेल्या जावयाला तो अभिमानानं सांगतो, "एक दिवस बाहेरचं खाल्लं नाही!" जणू काही व्रताचं उद्यापनच करून आला.

मला आज या व्रताशी भांडायचं आहे. पुरीभाजीशी माझं भांडण नाही, हे आधीच सांगून टाकतो. पुरीभाजी थोर आहे. घाटातल्या टपरीवर, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, श्रावणातल्या रविवारी तिला तोड नाही. माझं भांडण आहे ते यांगत्से नदीच्या काठी मिळणाऱ्या पुरीभाजीशी.

2019 च्या एप्रिलात आम्ही उभयता एका टूर कंपनीबरोबर चीनला गेलो होतो. शांघायहून आगगाडीनं चार-पाच तासांत वूहानला पोचलो. आधी या गावाची नीट ओळख करून देतो. कारण आपल्यापैकी बहुतेकांना ती एका रोगानं करून दिली, आणि रोगानं करून दिलेली ओळख ही फौजदारानं करून दिलेल्या ओळखीसारखी असते. पुढं माणूस कितीही चांगला वागला तरी लोक खिसा चाचपूनच बोलतात.

वूहान म्हणजे तीन गावांचं मिळून झालेलं एक गाव : वूचांग, हानखौ आणि हानयांग. यांगत्सेला इथं हान नदी येऊन मिळते, आणि या दोन नद्यांनी तीन गावं अशी वेगळी केली आहेत की वाटणी करायला बसलेल्या भावांना जमायचं नाही. यांगत्से एकूण सहा हजार तीनशे किलोमीटर लांब. वूहानला ती एवढी रुंद की पलीकडच्या काठावरचा माणूस माणूस आहे की खांब, हे तो हलल्याशिवाय समजत नाही. या आडदांड नदीवरचा पहिला पूल 1957 साली इथंच झाला. वरून मोटारी, खालून आगगाड्या. त्याआधी आगगाडीचे डबे बोटीवर चढवून पलीकडं नेत. 10 ऑक्टोबर 1911 ला वूचांगमध्ये सैनिकांनी बंड केलं आणि चारच महिन्यांत चीनची बादशाही संपली. 1966 साली बहात्तर वर्षांचे माओ याच नदीत जाहीरपणे पोहले आणि आपण अजून बुडालेलो नाही हे देशाला दाखवून दिलं. 2020 च्या शिरगणतीत लोकवस्ती एक कोटी तेवीस लाख, म्हणजे 2011 साली बृहन्मुंबईची भरली होती साधारण तेवढी. असं हे लहानसहान नसलेलं गाव.

या गावात आमच्या कंपनीनं आम्हांला काय दाखवलं? पूल दाखवला. पिवळ्या करकोच्याचा मनोरा दाखवला. मूळ मनोरा इसवी सन 223 चा म्हणतात. पुढं तो कितीदा तरी जळला, पडला, पुन्हा उभा राहिला. आताचा 1985 चा, आत लिफ्ट असलेला. "म्हणजे आमच्या सोसायटीपेक्षा नवाच की!" असं म्हणून आमच्यातल्या एका निवृत्त बँक मॅनेजरांनी त्याला निकालात काढलं. वरच्या मजल्यावरून खाली यांगत्से, पूल, तिन्ही गावं असा सगळा पसारा दिसत होता आणि आमची मंडळी कठड्याला टेकून चर्चा करत होती, की दुपारच्या पुऱ्या गरम मिळतील की बसमध्ये डब्यातून येतील.

कारण कंपनीनं महाराज बरोबर आणला होता. कंपनीच्या पत्रकात प्रेक्षणीय स्थळं बारीक टायपात होती आणि 'संपूर्ण प्रवासात घरचं भारतीय जेवण' हे जाड टायपात. सकाळी उपमा, दुपारी पुरीभाजी, रात्री वरणभात आणि शिरा. महाराज बिचारा भला माणूस. पहाटे चारला उठून हॉटेलच्या मागच्या बाजूला एका कोपऱ्यात कणीक मळायचा. सगळ्या चीनमध्ये त्याला दिसलं ते एवढंच : कोपरे आणि कणीक. पण त्याच्या हाताखालून गेलेली तीस माणसं तरी त्याच्याहून काय जास्त पाहून आली? आजही त्यातलं कुणी भेटलं की म्हणतं, "वूहानची पुरी आठवते का हो? काय टम्म फुगली होती!" चार हजार किलोमीटर जाऊन यांनी पाहिलं काय, तर पुरी फुगते! गुरुत्वाकर्षण चीनमध्येही चालतं एवढा शोध न्यूटननं लावला असता तर त्याला कुणी सर केलं नसतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्या हिनं विचारलं, "अहो, इथली माणसं सकाळी खातात तरी काय?"

साधा प्रश्न. पण मी म्हणतो, प्रवास या शब्दाचा सगळा अर्थ त्यात आहे. मनोरे, पूल, राजवाडे हे त्या गावानं पाहुण्यांसाठी मांडून ठेवलेले असतात. दिवाणखान्यात कपबश्या मांडतात तसे. सकाळी सात वाजता कामावर निघालेला माणूस काय खातो ते मात्र स्वयंपाकघरात गेल्याशिवाय कळत नाही, आणि ओळख खरी स्वयंपाकघरातच होते.

वूहानकरांना न्याहारीचं भारी वेड. न्याहारी करण्याला त्यांचा स्वतःचा शब्द आहे : ग्वो-त्साओ. शब्दशः, सकाळ पार करणं. आपण दिवस कसाबसा पार पाडतो, ही माणसं सकाळ पार पाडतात, आणि तीही चवीनं. वूचांगमध्ये हूबू गल्ली म्हणून न्याहारीची प्रसिद्ध गल्ली आहे. तिथं आम्ही दोघं उपम्याला टांग मारून पोचलो.

वूहानची मुख्य न्याहारी म्हणजे रे-गान-म्येन. रे म्हणजे गरम, गान म्हणजे कोरडं आणि म्येन म्हणजे ज्याला आपण नूडल्स म्हणतो ते. गव्हाच्या पिठाच्या या जाड शेवया. त्यात आपल्या पापडखाराच्या जातीचा क्षार असतो, त्यानं त्या पिवळसर आणि चिवट होतात. आधीच अर्धवट उकडून, तेल लावून, पसरून गार केलेल्या असतात. गिऱ्हाईक आलं की बाई मूठभर शेवया झाऱ्यासारख्या खोल गाळणीत घेते, खळखळत्या पाण्यात दोन-चार बुचकळ्या देते, झटकते आणि कागदी वाडग्यात टाकते. त्यावर तिळाचं दाट वाटण. वर मुळ्याच्या लोणच्याचे बारीक तुकडे, आंबवलेल्या चवळीच्या शेंगा, कांद्याची पात, झेपेल तेवढं तिखट तेल. मिनिटभरात सगळं उरकतं. मग तळापासून भराभर कालवायचं. रेंगाळलात की सगळ्याचा गोळा. आणि खायचं ते उभ्यानं, नाहीतर चालत चालत. शाळेची पोरं, हापिसला निघालेल्या बाया, स्कूटरवर एक पाय टेकलेले बाप्ये, सगळे वाडगं हनुवटीला लावून चाललेले. तेव्हा पाच-सहा युआन पडत, म्हणजे आपले पन्नास-साठ रुपये.

आमची ही अंड्यापलीकडं जात नाही. हॉटेलातल्या कारकुनाकडून आम्ही एक चिठ्ठी लिहून घेतली होती : 'मांस नको, मांसाचं पाणी नको.' बाईनं चिठ्ठी वाचली, मान हलवली, एक डाव बाजूला ठेवला आणि आमच्या हिच्या वाडग्यात तीळ जरा जास्तच घातले. पहिला घास घेऊन ही म्हणाली, "अहो, संक्रांत आली की!"

पुढच्या कढईवर म्येन-वो होते. तांदूळ आणि सोयाबीन भिजवून वाटायचे, त्यात आलं आणि पातीचा कांदा घालायचा, मध्ये उंचवटा असलेल्या पळीत पीठ घेऊन तळायचं. कडा जाड आणि मऊ, मधला भाग कुरकुरीत. मेदूवडा उडप्याच्या हॉटेलातून निघून, वाटेत उडदाऐवजी सोयाबीनशी लग्न करून इथं स्थायिक झाला असावा, इतका तो ओळखीचा वाटला. शेजारी दौफी. तांदूळ आणि मुगाच्या पिठाचं मोठं घावन, त्यावर अंडं फोडून पसरलेलं, आत चिकट भात, बांबूचे कोंब, अळंबी आणि मांसाचे तुकडे. उलटून, परतून त्याच्या चौकोनी वड्या पाडतात. या वड्या माओंनाही 1958 साली इथल्या एका जुन्या दुकानात खिलवल्या होत्या. त्या मी एकट्यानं खाल्ल्या. हिनं घावन लांबूनच पाहिलं आणि "उलटताना मोडलं नाही हो!" असं म्हणून त्या बाईचा मनोमन सत्कार केला.

परत येऊन हे सांगितल्यावर बसमध्ये जी सभा भरली, तिच्यात तीन आक्षेप आले. ते तुमच्याही मनात आले असतील, म्हणून एकेक घेतो.

पहिला आक्षेप, "आम्ही शाकाहारी, आमचं काय?" शाकाहाराबद्दल मला आदर आहे, मी त्याच्याशी पस्तीस वर्षं संसार केला आहे. पण चिठ्ठीवर दोन ओळी लिहून घेण्यापलीकडं आम्हांला त्याचा त्रास झाला नाही. शिवाय चिनी बौद्ध मठांच्या स्वयंपाकघरात मांस तर सोडाच, कांदा-लसूणही चढत नाही. ही परंपरा आपल्या टूर कंपन्यांहून बरीच जुनी आहे.

दुसरा, "पोट बिघडलं तर?" हे विचारणारे गृहस्थ पावसाळ्यात कोपऱ्यावरच्या गाडीवर पाणीपुरी खातात आणि शेवटी नुसतं पाणी मागून पितात. त्या पाण्याचा उगम आजवर त्यांनी विचारलेला नाही. वूहानचं पाणी आमच्या डोळ्यांदेखत उकळत होतं.

तिसरा आक्षेप जरा वजनदार आहे. "आमचे पैसे, आमचं पोट. आम्ही काय खायचं ते तुम्ही कोण सांगणार?" हे मात्र मला शंभर टक्के मान्य. कुणाला मधुमेह असेल, कुणाचं पथ्य, कुणाचा नेम. खाऊ नका. जगातला एकही पदार्थ खायची सक्ती कुणावर नसावी. पण एक अट घाला. जे खाल्लं नाही, पाहिलं नाही, ज्याचं नावही धड घेता येत नाही, त्यावर मत देऊ नका. अट साधी आहे. आपल्याला ती नऊ महिनेसुद्धा पाळता आली नाही.

कारण जानेवारी 2020 उजाडला. 23 तारखेला वूहानची दारं बंद झाली. ती 8 एप्रिलला उघडली, शहात्तर दिवसांनी. आणि आमच्या टूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, जिथं तोवर फक्त सुप्रभात आणि मोगऱ्याची फुलं यायची, तिथं एकाएकी वूहानच्या आहारशास्त्राचे तज्ज्ञ उगवले. तीच तीस माणसं! वूहानमध्ये पुरीच्या बाहेर पाऊल न टाकलेली! "आपण तिथं गेलो होतो, आपल्याला माहीत आहे, काहीही खातात हो ती माणसं." आणि पुरावा म्हणून काय, तर एक बाई वटवाघळाचं सूप पिते आहे अशी फिल्म. ती फिल्म वूहानची नव्हती, चीनमधलीसुद्धा नव्हती. 2016 साली पॅसिफिक महासागरातल्या पलाऊ नावाच्या बेटांवर ती घेतलेली होती, वूहानपासून तीन हजार किलोमीटरांहून लांब. मी तसं ग्रुपवर लिहिलं. उत्तरादाखल मला मोगऱ्याचं फूल आलं.

तो रोग नेमका कुठून आला यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून मिटलेला नाही. आमच्या ग्रुपवर तो एका दुपारीत मिटला. ज्या गावाच्या सकाळच्या वाडग्यात तीळ, मुळा आणि चवळीच्या शेंगा असतात, त्या गावाला आपण वटवाघूळखाऊ ठरवून मोकळे झालो. त्याच दिवसांत चीनच्या लोकांनी एक चित्र फिरवलं होतं. त्यात रे-गान-म्येनचं वाडगं इस्पितळाचे कपडे घालून आजारी आहे आणि इतर गावांचे पदार्थ त्याला धीर द्यायला जमले आहेत. मी ते चित्र बघून, वयाला न शोभेल असा, जरा हललो. आमच्या वाडग्यात जास्त तीळ घालणारी ती बाई त्या शहात्तर दिवसांत काय करत असेल, हा प्रश्न मला पडला. पुरी खाल्लेल्यांना तो पडायचं कारण नव्हतं. त्यांच्या डोळ्यांसमोर कुणी बाईच नव्हती.

म्हणून मी या पुरीवर चिडतो. माणसाच्या हातचं खाल्लं की त्या माणसाबद्दल वाटेल ते बोलायला जीभ जरा अडखळते. नाही खाल्लं की ती घसरते, आणि घसरलेली जीभ वूहानला थांबत नाही. त्याच 2020 साली ईशान्य भारतातून आपल्या शहरांत शिकायला, नोकरीला आलेल्या मुलामुलींना लोकांनी रस्त्यात 'कोरोना' म्हणून हाका मारल्या. ती मुलं आपल्याच देशाची. आणि तेवढं लांब तरी कशाला? आमच्या ओळखीच्या एका कोळी जोडप्याला उपनगरातल्या एका सोसायटीनं घर नाकारलं, कारण "तुम्ही सुकट भाजणार." अहो, मुंबई ज्यांची, त्यांच्या तव्याच्या वासावर घर अडतं! दुसऱ्याच्या ताटाकडं बघून नाक मुरडायचा सराव आपल्याला फार जुना आहे. कोण काय खातो यावरून त्याला ओसरीवर बसवायचं की अंगणात, हे ठरवणारे आपण. वूहान हा त्यातला नुसता लांबचा पत्ता.

यातली गंमत पुढंच आहे. "काहीही खातात" म्हणणारा हा गृहस्थ शनिवारी रात्री सहकुटुंब कुठं जातो? 'चायनीज'ला! गाडीवर लाल ड्रॅगन, कढईत लाल भात, वर लाल शेजवान. ज्या मांचुरियनवर आपण तुटून पडतो, त्याचं श्रेय नेल्सन वाँग या कोलकात्यात जन्मलेल्या आचाऱ्याला देतात; 1975 साली मुंबईत त्यांनी ते केलं म्हणतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही, मीही खातो. पण चीनला जाऊन पुरीभाजी खायची आणि घरी येऊन 'चायनीज' खायचं, ही भूगोलाची थट्टा आहे. वर त्या बाटलीतल्या शेजवानमध्ये सेचवानचा खरा मसाला बहुधा नसतोच. जीभ झिणझिणवणारं ते सेचवानी मिरं म्हणजे आपल्या कोकणातल्या तिरफळाचा सख्खा चुलतभाऊ. वूहानच्या बदकाच्या झणझणीत मानांमध्ये तो भेटतो. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं घालणाऱ्या मालवणी आजीला ती चव दोन घासांत उमगली असती. आजीला कुणी चीनला नेलं नाही. नेलं ते बँक मॅनेजरांना.

आणि मराठी माणसाला हे जमत नाही असं तर मुळीच समजू नका. 1938 साली भारतातून पाच डॉक्टरांचं पथक चीनला गेलं. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते आणि नागपूरचे डॉ. चोळकरही. जपानी फौजा चाल करून येत असताना हे पथक याच हानखौत जखमींच्या सेवेला होतं. त्यांना पुऱ्या पुरवणारी टूर कंपनी नव्हती. कोटणीस चिनी भाषा शिकले, तिथल्या परिचारिकेशी, क्वो छिंगलान यांच्याशी, लग्न केलं, मुलाचं नाव भारत आणि चीन या दोन देशांच्या नावांतली अक्षरं जोडून यिनहुआ ठेवलं, आणि 9 डिसेंबर 1942 ला वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथंच गेले. चीनमध्ये त्यांचं नाव आजही आदरानं घेतात. शांतारामबापूंनी 1946 साली त्यांच्यावर सिनेमा काढला, तो आपण डोळे पुसत पाहिला. डोळे पुसून झाल्यावर आपण शिकलो काय, तर परदेशी जाताना मेतकूट न्यावं.

प्रत्येकानं कोटणीस व्हावं असं माझं म्हणणं नाही. तेवढी माझी छाती नाही आणि तुमचे गुडघे तसे नाहीत. माझी मागणी फार लहान आहे. पंधरा दिवसांच्या प्रवासात पंधरा न्याहाऱ्या असतात. त्यातली एक त्या गावाला द्या. चिठ्ठी लिहून घ्या, बोटानं दाखवा, नाही आवडलं तर टाका. "आवडलं नाही" हे म्हणायचा हक्क तुम्हांला त्या एका घासानं मिळतो, आणि तो रास्त हक्क आहे. बाकीच्या चौदा दिवशी खुशाल पुऱ्या खा.

आणि हो, थेपले जरूर न्या. चकल्या न्या, तिळाच्या वड्या तर आठवणीनं न्या. पण डब्याला कुलूप लावू नका. वूहानच्या गल्लीत, गाळणी झटकून झाल्यावर त्या बाईला दोन वड्या पुढं करा. तिळाचं तिला काही सांगावं लागणार नाही.